सेंद्रिय कर्ब ०.६२ वरून ०.४८ वर आला. जमीन खालावली का?

वाफसा: तीन वर्षांपूर्वी माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्या-शेणखतातून मातीत राहणारा कार्बन) ०.६२ टक्के होता, यंदा ०.४८ आलाय. शेणखत दरवर्षी घालतो, काडीकचरा जाळत नाही. सामू (आम्ल-विम्लता) आणि क्षारता जवळपास तेवढीच आहे. प्रयोगशाळा मात्र यंदा वेगळी होती. आता काय करू?

नांगरट: नमुना किती खोल घेतला? कर्ब वरच्या थरात जास्त असतो. खड्डा १५ ऐवजी २५ सेंमी झाला, तर आकडा आपोआप उतरतो.

वाफसा: दोन्ही वेळा १५ सेंमीच. पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, नागमोडी चालत.

गिरमिट: मी माती प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढलीत, म्हणून सांगतो, आधी दोन्हीकडे फोन करा. कर्ब बहुतेक ठिकाणी वॉकले-ब्लॅक पद्धतीने, म्हणजे रसायनाने जाळून काढतात. त्यात सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्के जळतो असं धरून उत्तराला १.३ ने गुणतात. काही जण गुणतात, काही गुणत नाहीत. ०.४८ गुणिले १.३ करून बघा: ०.६२! तुमच्याकडे हेच घडलं असेल असं छातीठोक म्हणत नाही, पण विचारल्याशिवाय घाबरू नका. आणि यापुढे प्रयोगशाळा बदलू नका. जागा, खोली, हंगाम, पद्धत सगळं तेच राहिलं तरच दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करता येते. कर्ब तसाही सावकाश हलतो. दरवर्षी तपासून फारसं कळत नाही, तीन-चार वर्षांनी पुरे.

दुसरं, अहवालात जमिनीची घडण, म्हणजे मातीचे कण एकमेकांना किती धरून आहेत ते, दिसत नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. सुकलेलं छोटं ढेकूळ जाळीवर ठेवून पाण्यात बुडवा. पाच मिनिटांत विरघळून गाळ झाला, तर पहिल्या जोरदार पावसात वरचा थर बसणार, पाणी मुरण्याऐवजी वाहणार. शेजारीच बांधावरचं, कधी न नांगरलेलं ढेकूळही बुडवा. तुमच्या जमिनीची मजल कुठवर जाऊ शकते, ते त्यावरून कळेल.

नांगरट: आमची रेताड आहे. त्यात ढेकूळच धरत नाही.

गिरमिट: मग ही चाचणी तुमच्या कामाची नाही. पत्र्याचं कडं जमिनीत ठोकून पाणी किती वेळात मुरतं ते मोजा. जमीन आधी ओली करून घ्या; कोरड्या मातीत पहिलं पाणी सहसा झपाट्याने जातं.

वाफसा: फोन केला. जुन्या प्रयोगशाळेने १.३ ने गुणलं होतं, नव्या ठिकाणी गुणत नाहीत. ढेकळं सुकायला ठेवलीत.