मदत हवी आहे: पांदणीच्या धुळीत चालणाऱ्या पिकअपला धुऊन वापरायचा एअर फिल्टर बसवावा का?

नमस्कार मंडळी. माझी टर्बो डिझेल पिकअप आहे. काटोल-नरखेडकडच्या बागांतून मृग बहाराची संत्री भरायची आणि नागपूरला कळमना मार्केटात उतरवायची, हे रोजचं काम. डांबरी रस्त्याचं काही नाही, पण बागेपर्यंतची पांदण म्हणजे नुसता फुफाटा. समोर ट्रॅक्टर असला तर भरदिवसा हेडलाइट लावावा लागतो.

आतापर्यंत कागदी फिल्टर वापरला. दर आठ-दहा दिवसांनी गॅरेजात कॉम्प्रेसरची हवा मारून घ्यायचो. परवा फिल्टर काढला आणि त्याच्या पुढचा, टर्बोकडे (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे) जाणारा पाइप आतून पांढऱ्या रुमालाने पुसला. रुमालावर बोटभर मातकट पट्टा उठला. म्हणजे धूळ फिल्टर ओलांडून जात होती! तेव्हापासून जिवाला चैन नाही. याच धुळीने टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात, मग इंजिन ऑइल खायला लागतं. गाडीचे हप्ते अजून चालू आहेत.

दुकानदाराकडे धुवायचे दोन प्रकार आहेत: तेल लावलेला कापडी आणि कोरडा सिंथेटिक. आमच्या धुळीला कोणता बरा? धुवायचा कसा? आणि तो वाळेपर्यंत गाडी उभी ठेवायची का? सीझनमध्ये एक फेरी चुकली की शेतकऱ्याचा तोडलेला माल बागेतच पडून राहतो.

उत्तर:
भाऊ, आधी जुना फिल्टर अंधारात धरा आणि आत बॅटरी लावून पाहा. प्रकाशाचा ठिपका दिसला तर हवेच्या माऱ्याने कागद फाटलाय. नाहीच दिसला, तर रबराची कड आणि डब्याच्या क्लिपा तपासा. माझ्या गाडीत कड एका बाजूने दबली होती, धूळ तिथूनच जायची. अशा वेळी महागातला फिल्टर आणूनही उपयोग नाही. शिवाय थोडी धूळ बसलेला कागद उलट जास्त बारीक गाळतो, त्यामुळे सारखं उघडून झटकू नका.

धुवायचाच घेणार असाल तर मी कोरडा घेईन. कापडी फिल्टरची सगळी मदार तेलावर असते. कमी पडलं की धूळ आत, जास्त झालं की तेल पुढे हवेच्या सेन्सरला चिकटतं. घेताना आयएसओ ५०११ चाचणीत धूळ किती टक्के अडवली, ते विचारा.

धुताना फिल्टरबरोबर सांगितलेलंच क्लीनर वापरा. पाण्याची हलकी धार आतून बाहेर सोडा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने परत जाते. प्रेशर वॉशर नको, पेट्रोल तर नकोच. सावलीत आपोआप वाळू द्या. ओलसर असताना बसवू नका. यासाठीच दोन फिल्टर ठेवा, एक वाळेपर्यंत दुसरा गाडीत. फेरी चुकणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
दादा, आत्ताच बॅटरी लावून पाहिलं. दोन घड्यांच्या खाचेत टाचणीएवढे तीन ठिपके चमकले. उद्या पहाटेची फेरी आहे, म्हणून आज नवा कागदी टाकतो, पाइपही पुसून घेतो. रबराची कड ठीक आहे. कोरडे दोन फिल्टर आठवड्याभरात घेईन. टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजल्यात का, हे नुसता पाइप काढून दिसेल की मिस्त्रीकडून टर्बो उतरवून घ्यावा लागेल? तेवढं सांगा.