अभ्यासिकेतले संगणक: विंडोज गोठवावं की लिनक्सचं गेस्ट सेशन?

टाकळीकर: सोलापुरात पूर्व भागातल्या अभ्यासिकेत सहा डेस्कटॉप आहेत असं धरा. दिवसभर फॉर्म भरणारी मुलं. माझं मत, विंडोजच ठेवा आणि युनिफाइड राइट फिल्टर लावा, म्हणजे डिस्कवर होणारे बदल कायम न होऊ देणारी विंडोजचीच सोय. विंडोज फीचर्समधल्या डिव्हाइस लॉकडाउनखाली तो चालू करायचा, सी ड्राइव्ह संरक्षित करून रीस्टार्ट. मग कुणी काहीही टाको, पुढच्या रीस्टार्टला साफ.

उंबरठा: होम किंवा प्रो आवृत्तीत हा फिल्टर नाहीच. एंटरप्राइझ, एज्युकेशन किंवा आयओटी एंटरप्राइझ लागते. शिवाय त्याचा ओव्हरले, म्हणजे बदल तात्पुरते ठेवायची जागा, मुळात रॅममध्ये, फक्त 1024 एमबी. ब्राउझरच तो भरून टाकतो, आणि भरला की मशीन अडकलंच. खरा घोळ पुढे आहे: रीस्टार्ट होईपर्यंत आधीच्या माणसाचं जीमेल उघडंच! दर अर्ध्या तासाला माणूस बदलतो, रीस्टार्ट कोण करणार?
त्यापेक्षा लिनक्स मिंट ही मोफत लिनक्स प्रणाली टाका आणि लॉगिन विंडोच्या सेटिंगमधून गेस्ट सेशन, म्हणजे पासवर्डशिवायचं तात्पुरतं खातं, सुरू करा. लॉगआउट केलं की त्या माणसाच्या फाइली नि सेटिंग असलेला होम फोल्डरच पुसला जातो. परवान्याचा खर्च शून्य.

टाकळीकर: ओव्हरले वाढवता येतो, 8 जीबी रॅम असेल तर 2048 एमबी ठेवा. रीस्टार्टचा शॉर्टकट डेस्कटॉपवर द्या, एसएसडीवर फार वेळ जात नाही. लिनक्सवर डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर मिळेल का? श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल उघडेल, पण वाचता येईल का?

उंबरठा: टोकनचा मुद्दा मान्य. त्यासाठी एक विंडोज मशीन काउंटरजवळ ठेवा, पाच लिनक्सवर. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही कीबोर्ड मात्र आधीच बसवा, नाहीतर पूर्व भागात रोज तीच तक्रार. गेस्टला प्रत्येक वेळी नवं होम मिळतं, म्हणून ही कीबोर्डांची मांडणी गेस्ट-सेशनच्या skel फोल्डरमध्ये, म्हणजे नव्या होमचा नमुना असलेल्या फोल्डरमध्ये, ठेवावी लागते.

सोलापुरी_शेंगा: दोघंही बायोस, म्हणजे संगणक सुरू होतानाची मूळ सेटिंग, विसरलात. एफ12 दाबून पेनड्राइव्हवरून बूट झालं की फिल्टर काय नि गेस्ट काय! यूएसबी बूट बंद, सुपरवायझर पासवर्ड, आणि कॅबिनेटला कुलूप. अनेक जुन्या मदरबोर्डांवर सीमॉसची (बायोस सेटिंग जपणारी) बॅटरी काढली की पासवर्डही जातो. यूएसबी पोर्ट पूर्ण बंद करू नका, पावतीची पीडीएफ मुलं न्यायची कशी?

टाकळीकर: कुलूप मान्य. पण गेस्टमध्ये वीज गेली की ती पीडीएफही गेली. यूपीएस आधी घ्या.

उंबरठा: फिल्टरवरही जातेच की! यूपीएस दोन्हीकडे लागणार.