क्रूची गरज जेवणावर ठरत नाही

'विमानात आता सँडविचसुद्धा विकत घ्यावं लागतं, मग एवढा केबिन क्रू (प्रवाशांसोबत असणारे विमानातले कर्मचारी) हवा कशाला?' हा प्रश्न वाचून राहवलं नाही. क्रूची संख्या जेवणावर ठरतच नाही. आपल्याकडे दर ५० आसनांमागे किमान एक, हा हिशोब सुरक्षिततेचा आहे. निम्मी दारं बंद धरून ९० सेकंदांत विमान रिकामं करता आलं पाहिजे, अशी कसोटी असते. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं. उद्घोषणा यंत्रणा बंद, आठपैकी तीनच दारं वापरता आली. क्रूने मेगाफोन घेऊन, ओरडून लोकांना वाट दाखवली आणि आतले सगळे ३७९ जण बाहेर आले.

माझी भाची पार्ल्यात राहते, याच नोकरीत आहे. पहाटे तीनला गाडी न्यायला येते तेव्हा अख्खी सोसायटी झोपलेली असते. आग विझवणं, सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबत राहणं, पाण्यावर उतरलो तर काय, सगळं तिला शिकावं लागलं. आणि लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, 'उंची किती लागते गं?' फार वाईट वाटतं मला.

'हवाई सुंदरी' हा शब्दही वापरणं सोडा आता. तीच नजर नियमांतही होती. पहिल्या गरोदरपणात क्रूमधल्या बाईची नोकरी घालवणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला. पण पहिली चार वर्षं लग्न न करण्याची अट त्याच निकालात टिकली, हे मला आजही खटकतं.