मदत हवी आहे: शेजारचं शेत बिल्डरकडे चाललंय (इलिनॉय)

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला तासा-सव्वा तासावर राहतो. जुनं घर, पाच एकर, भोवती मका आणि सोयाबीन. रस्त्यापलीकडचं दोनशे एकरांचं शेत आता विकायला निघालंय. बिल्डरने मंजुरीच्या अटीवर सौदा केलाय आणि शेत व्हिलेजच्या (इथल्या छोट्या नगरपालिकेच्या) हद्दीत घ्यावं असा अर्ज टाकलाय. चारशेच्या वर घरं होणार. पुढच्या महिन्यात सुनावणी.

परवा एका शेजाऱ्याने कम्बाइन (कापणी-मळणीचं यंत्र) बाहेर काढून मशीन शेडमध्ये बैठक घेतली. माणसं बरीच जमली. (मी नेलेला चिवडा सगळ्यांत आधी संपला, ही जमेची बाजू.) पण सूर सगळा 'ट्रॅफिक वाढेल, शाळा भरतील' असाच. व्हिलेजच्या बोर्डासमोर हेच बोललो तर 'स्वतः आलात, आता मागच्यांना दार लावताय' असं ऐकावं लागणार. आणि ते खोटं कुठे आहे? आमचे पाच एकरही कुणाच्या तरी शेतातूनच तोडलेले.

माती मात्र अशी, की फावडं पूर्ण रुतवलं तरी खाली काळीच निघते. प्रेअरीच्या (इथल्या मूळच्या गवताळ मैदानाच्या) गवताने हजारो वर्षं घडवलेली. इलिनॉयमधली मूळची सव्वादोन कोटी एकरांच्या आसपासची प्रेअरी संपत संपत अस्सल अशी अडीच हजार एकरांच्या घरात उरलीय.

शेताचे मालक आजोबा सत्तरीपुढचे, मुलं शहरात. हे शेत म्हणजेच त्यांची म्हातारपणाची पुंजी. दर हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ न सांगता ट्रॅक्टरने ढकलून जातात. त्यांच्याशी भांडण कुणालाच नकोय.

तर, बोर्ड कशावर ऐकतं? आजोबांना बरे पैसे मिळतील असा दुसरा मार्ग आहे का? वकील आत्ताच करावा का?

कणीसवाला यांचा प्रतिसाद:

आधी नकाशा काढा. इथे व्हिलेजला आपल्या हद्दीला लागून असलेलीच जमीन सामील करून घेता येते. मधे कुणाची पट्टी आहे का, आणि ती माणसं सामील व्हायला सही देणारेत का, ते बघा. आमच्या वेळी सगळे काउंटीच्या (जिल्हा प्रशासनाच्या) रीझोनिंगवर, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्यावर, तुटून पडले होते. पण जमीन एकदा व्हिलेजमध्ये गेली की काउंटीचं झोनिंग तिला लागूच होत नाही.

सामील करण्याच्या कराराला बोर्डाची दोन तृतीयांश मतं लागतात. सहा ट्रस्टी (बोर्डाचे सदस्य) आणि अध्यक्ष धरले तर सातातली पाच. म्हणजे तिघांनी नाही म्हटलं तरी गाडी अडते. असे तिघं हेरून त्यांच्या घरी जा, सुनावणीच्या आधी.

ट्रॅफिकवर बोलू नका, बिल्डर त्याचा अहवाल घेऊनच येतो. ड्रेनेज टाइलवर बोला. शेताखालच्या जुन्या भाजक्या मातीच्या नळ्या कुठून कुठे जातात याचा पुरता नकाशा बहुधा कुणाकडेच नसतो. खोदताना एक फुटली की वरच्या बाजूच्या शेतात तळं. पावसानंतर कुठे पाणी साचतं ते म्हाताऱ्या शेतकऱ्यांना तोंडपाठ असतं, त्यांनाच माइकपुढे उभं करा. वकील हवाच, पण सगळ्यांत मिळून एक.

नदीकाठची यांचा प्रतिसाद:

आजोबांसाठी: विकास हक्क विकता येतात. शेत त्यांचंच राहतं, विकता येतं, मुलांना देता येतं, फक्त घरांचे प्लॉट कायमचे बंद. घरांसाठीची किंमत आणि शेतीची किंमत यांतला फरक मोबदला म्हणून मिळतो. फेडरल कार्यक्रमातून त्याच्या निम्म्यापर्यंत मदत होते, उरलेलं काउंटीने किंवा लँड ट्रस्टने (जमीन राखणाऱ्या संस्थेने) उभं करायचं. शिकागोजवळच्या केन काउंटीने २००१ मध्ये हे सुरू केलं, त्यात नदीवरच्या कॅसिनोचा पैसा लावला. आपल्याकडे जुगारात शेतं गेली, तिथे जुगाराने वाचवली!

अडचण अशी की याला वेळ फार लागतो आणि आजोबांनी सही आधीच केलीय. त्या सौद्याची मुदत कधी संपते, ते विचारा. सगळं त्यावर आहे.

इलिनॉयमधल्याच ग्रेजलेक गावची प्रेअरी क्रॉसिंग ही वसाहतही बघा. तिथे ६७७ एकरांवर २,४०० घरं येणार होती. १९८७ मध्ये शेजाऱ्यांनी कंपनी काढून जमीनच विकत घेतली. बंगले बांधले ३५९, बहुतेक जमीन शेत, प्रेअरी आणि तळ्यासाठी मोकळी ठेवली. अर्थात पुढाकार घेणारे गेलॉर्ड डॉनेली छपाई उद्योगातले बडे गृहस्थ होते. मशीन शेडमधल्या वर्गणीत हे बसणार नाही.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी):

दोघांचे खूप आभार. नकाशा पाहिला. मधे एक चिंचोळी पट्टी निघाली, आमच्याच रस्त्यावरच्या एका विधवा बाईंची. बिल्डरचा माणूस त्यांच्याकडे येऊन गेलाय, सही अजून दिलेली नाही. सौद्याच्या मुदतीचं आजोबांना विचारायला नवरा गेलाय, बाईंकडे मी संध्याकाळी जाते. विकास हक्कांबद्दल साध्या इंग्रजीत पानभर लिहिलेलं कुणाकडे असेल तर विपु (माझ्या पानावर निरोप) करा, सोबत नेईन.