आयटीआय लाईनमनला सेफ्टी ऑफिसर होता येतं का?

खांबवाला: वायरमन ट्रेडची दोन वर्षांची आयटीआय, ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाईनवर नऊ वर्षं. क्लासवाले म्हणतात, एक वर्षाचा सेफ्टी डिप्लोमा करा, कारखान्यात थेट सेफ्टी ऑफिसर. फी भरू का?

डिस्चार्ज_रॉड: थांबा. महाराष्ट्राच्या १९८२ च्या सेफ्टी ऑफिसर नियमांत इंजिनिअरिंगची पदवी अधिक २ वर्षं, किंवा डिप्लोमा अधिक ५ वर्षं असा हिशेब आहे. सेफ्टीचा डिप्लोमा त्याच्या वर. नुसती आयटीआय यात बसत नाही आणि क्लासवाले नेमकं हेच सांगत नाहीत. आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आधी तो इलेक्ट्रिकल डिप्लोमा उरका. मग तंत्रशिक्षण मंडळाचा किंवा सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेचा सेफ्टी डिप्लोमा. नेबॉश हे ब्रिटनचं सेफ्टी प्रमाणपत्र आखातात चालतं, पण इथल्या डिप्लोमाची जागा ते घेत नाही.

फॉर्म_भरणारा: अनुभवाच्या दाखल्यावरही बरेच जण अडकतात. नियमाला कारखान्यातला, तोही पर्यवेक्षकाचा अनुभव लागतो. ‘लाईनवर काम केले’ एवढंच लिहिलेला दाखला तिथे उपयोगाचा नाही. त्यामुळे मधली पायरी म्हणून विद्युत पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र काढा आणि एखाद्या कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये सुपरवायझर म्हणून शिरा. जागांची चिंता नको. जुन्या कारखाना कायद्यात १००० कामगारांवर सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता, २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत ५००, धोकादायक प्रक्रियेचा कारखाना किंवा बांधकाम असेल तर २५०.

खांबवाला: म्हणजे सात-आठ वर्षं गेलीच. मुलाखतीत लाईनच्या कामाला काही किंमत?

डिस्चार्ज_रॉड: भरपूर, फक्त सांगता आलं पाहिजे. हमखास येणारा प्रश्न: परमिट (लाईन बंद करून काम करायची लेखी परवानगी) हातात असूनही माणसाला शॉक का बसतो? ‘निष्काळजीपणा’ म्हणालात की संपलं. कारणं सांगा. एबी स्विचचं (खांबावरच्या, लाईन तोडणाऱ्या स्विचचं) हँडल खाली आलं, कुलूपही लागलं, पण एका फेजचं ब्लेड वर अडकूनच राहिलं. खालून तिन्ही ब्लेड डोळ्यांनी मोजलीच नाहीत. किंवा एकाच खांबावर दोन फीडर (वेगवेगळ्या पुरवठ्याच्या लाईन) आणि परमिट एकाचंच. किंवा कुणीतरी चेंजओव्हर स्विचशिवाय (जो जनरेटर आणि लाईन एकत्र येऊ देत नाही) जनरेटर लावला: एलटीवरून (कमी दाबाच्या लाईनवरून) ४४० व्होल्ट उलटे डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरले की वर पुन्हा ११ केव्ही तयार.

फॉर्म_भरणारा: त्याला जोडूनच अर्थिंगचा, म्हणजे बंद लाईन जमिनीला जोडण्याचा, क्रम विचारतात. आधी डिटेक्टरने लाईन मेली आहे का ते तपासायचं. मग अर्थिंगच्या डिस्चार्ज रॉडचं जमिनीकडचं टोक जोडायचं, फेज नंतर. काढताना उलट, फेज आधी. कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग, कारण उलटा पुरवठा कुठल्या बाजूने येईल याचा नेम नाही.

डिस्चार्ज_रॉड: आणि आजपासून एक वही घाला. थोडक्यात हुकलेला प्रत्येक अपघात: तारीख, खांब क्रमांक, परमिट किती वाजता मिळालं, कुठलं ब्लेड अडकलं, काय बदललं. माणसांची नावं नकोत, नाहीतर पुढच्या वेळी कुणी काही सांगणार नाही.