मदत हवी आहे: कोअरएनएलपी सर्व्हर मोठ्या लेखाला टाइमआउट देतो

मंडळी, परळच्या आमच्या ऑफिसात इंग्रजी बातम्यांतली माणसांची, गावांची नावं वेगळी काढायला स्टॅनफर्डच्या कोअरएनएलपीचा (मजकुराचं भाषिक विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर लावलाय. जुनाच डेस्कटॉप, रॅम ८ जीबी. त्यातली ४ जावाला (कोअरएनएलपी त्यावरच चालतं). पोर्ट नेहमीचा, ९०००. एखादं वाक्य पाठवलं की उत्तर लगेच, अख्खा लेख दिला की टाइमआउट, म्हणजे वेळ संपली म्हणून काम अर्धवटच! मूळ मर्यादा १५००० मिलिसेकंदांची, म्हणजे १५ सेकंद. ती वाढवू, की लेख परिच्छेदांत तोडून पाठवू? तोडला तर सर्वनामं मागच्या परिच्छेदातल्या नावांशी जुळणार नाहीत, आणि आम्हाला नेमकं तेच हवंय. नवी रॅम साहेब देतील असं वाटत नाही.

शिवाय मराठी बातम्यांसाठी स्टॅन्झा (स्टॅनफर्डचंच, पायथनमधलं असंच सॉफ्टवेअर) लागेल, कारण कोअरएनएलपीत मराठी नाही. दोन्ही या एकाच मशीनवर नांदतील का? कुणी चालवलंय?