बायो टॅपेस्ट्री लंडनला पाठवण्याचा निर्णय: शेवटचा शब्द कोणाचा असावा?

पिंपळपान:

फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातील बायो या गावी जपलेले, ‘बायो टॅपेस्ट्री’ या नावाने ओळखले जाणारे ११व्या शतकातील सुमारे ७० मीटर लांबीचे भरतकाम इंग्लंडला प्रदर्शनासाठी देण्याचे फ्रान्सने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. ठरल्याप्रमाणे ते सप्टेंबर २०२६ ते जुलै २०२७ या काळात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये राहणार असून, त्या बदल्यात इंग्लंडमधील सटन हू येथील अँग्लो-सॅक्सन (विल्यमच्या विजयापूर्वीच्या इंग्लंडमधील) ठेव्यातील वस्तू आणि स्कॉटलंडच्या लुईस बेटावर सापडलेले बुद्धिबळाचे मोहरे फ्रान्सला जाणार आहेत.

बातमी वाचली तेव्हा मला आनंदच झाला होता. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्याची कथा सांगणारे हे कापड नऊशेहून अधिक वर्षांनी ज्या भूमीची कथा सांगते तिथे जाणार, ही कल्पनाच सुखावणारी होती. परंतु नंतर २०२१ च्या स्थिती-अहवालातील आकडे वाचनात आले: २४,२०४ डाग, १६,४४५ सुरकुत्या, कापडात किंवा भरतकामात ९,६४६ ठिकाणी तुटलेले भाग आणि पक्क्या न केलेल्या ३० चिरा. फ्रान्समध्ये या निर्णयाविरुद्ध हजारो लोकांनी सह्या केल्या, त्यामागे हेच आकडे आहेत.

माझा प्रश्न असा की, एखाद्या राष्ट्राचा असा एकमेव ठेवा परदेशी पाठवावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा असावा, संग्रहालयाचा असावा, की ज्यांच्या हातांना त्या वस्तूची नाजूक जागा ठाऊक असते त्या संवर्धकांचा? आणि काही बरेवाईट झाले, तर ब्रिटिश सरकारने भरपाईसाठी देऊ केलेल्या ८० कोटी पौंडांच्या हमीला नेमका काय अर्थ उरतो?

सुईदोरा:

मी काही वर्षे जुन्या वस्त्रांच्या संवर्धनाचे काम केले आहे, म्हणून प्रश्नातील तांत्रिक भागापुरते लिहितो.

सर्वप्रथम एक खुलासा. टॅपेस्ट्री म्हणजे मागावर विणलेले चित्र. हे तसे नाही. लिननच्या (जवसाच्या तंतूंपासून केलेल्या कापडाच्या) नऊ तुकड्यांना जोडून केलेल्या पट्टीवर रंगीत लोकरीने ते भरलेले आहे. हा केवळ नावाचा वाद नाही. विणलेल्या चित्रात धागा आणि कापड एकच असतात, तर भरतकामात दोन वेगळे तंतू एकमेकांवर टिकून असतात. हवेतील दमटपणा वाढला की लोकर एका प्रमाणात फुगते आणि लिनन दुसऱ्या प्रमाणात. नंतर हवा कोरडी पडली की दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. अशा प्रत्येक फेऱ्यात टाक्याच्या टोकाशी ताण येतो. त्यात प्रवासातील कंपनाची भर पडली, की आधीच सैल झालेली लोकर सुटू लागते.

सर्वसामान्य वाचकाची कल्पना अशी असते की नुकसान म्हणजे फाटणे, जळणे किंवा चोरीला जाणे. वस्त्राच्या बाबतीत नुकसान बहुधा असे दिसतच नाही. पेटी उघडल्यावर सर्व काही जागच्या जागी असते, छायाचित्रातही फरक कळत नाही, आणि तरीही तंतूंची शक्ती थोडी कमी झालेली असते, जी पुन्हा भरून येत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. अशा वस्त्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देत नाहीत, परंतु कमी प्रकाशही साठत जातो. दहा महिने मांडलेले वस्त्र दहा महिन्यांनी म्हातारे होते, मग ते बायोत असो वा लंडनमध्ये. त्यामुळे ‘मागच्या वेळी काही झाले नव्हते’ या युक्तिवादाला आमच्या कामात फारशी किंमत नाही.

मात्र विरोधकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बायोचे संग्रहालय नूतनीकरणासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाले, आणि त्यामुळे हे कापड भिंतीवरून उतरवावेच लागणार होते. उतरवणे आणि घडी घालणे ही सर्वांत धोक्याची कामे लंडनचा विषय नसता तरीही झालीच असती. वादाचा खरा मुद्दा उरतो तो रस्त्यावरच्या अधिकच्या कंपनाचा आणि परदेशातील आणखी एका मांडणीचा.

जुनी_वही:

इतिहासाची बाजू मांडतो, कारण ‘फ्रान्सचा राष्ट्रीय ठेवा’ हे शब्द इथे फारच सहज वापरले जात आहेत. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे भरतकाम विल्यमचा सावत्र भाऊ, बायोचा बिशप ओडो याच्यासाठी इंग्लंडमध्येच, बहुधा केंट भागात, तयार झाले. म्हणजे ज्याला आपण परदेशप्रवास म्हणतो, तो एका अर्थाने माहेरची फेरी आहे.

शिवाय ते कधी हललेच नाही, असेही नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात सामानाच्या गाड्या झाकण्यासाठी ते नेले जात असताना गावातील एका वकिलाने वाचवले. १८०३ मध्ये नेपोलियनने इंग्लंडवर स्वारीची तयारी चालवली असताना ते पॅरिसला नेऊन लोकांना दाखवले. जर्मन ताब्याच्या काळात जून १९४४ मध्ये ते पुन्हा पॅरिसला, लूव्रमध्ये गेले. प्रत्येक वेळी कारण राजकारण हेच होते, आणि कोणीही स्थिती-अहवाल मागवला नव्हता. आज निदान आकडे मोजून वाद होतो आहे. सुईदोरा यांचा कंपनाचा मुद्दा मी नाकारत नाही. पण जी वस्तू पाहू दिली जात नाही, ती हळूहळू फक्त तज्ज्ञांची होऊन बसते, हेही नुकसानच आहे.

कायदा_कानू:

हमीविषयीच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. ब्रिटनमध्ये अशा वेळी खासगी विमा उतरवण्याऐवजी सरकार स्वतः भरपाईची जबाबदारी घेते. हप्ता भरावा लागत नाही. ८० कोटी पौंड ही रक्कम त्या जबाबदारीची मर्यादा सांगते, वस्तूचे मोल नव्हे. हा फरक रोमानियाने नुकताच भोगला आहे. इसवीसनपूर्व पाचव्या शतकातील कोत्सोफेनेश्तीचे सोन्याचे शिरस्त्राण नेदरलँड्समधील असेन येथील ड्रेन्ट्स संग्रहालयाला दिले होते. प्रदर्शनाच्या अखेरच्या आठवड्यात, २५ जानेवारी २०२५ रोजी पहाटे, चोरांनी स्फोट घडवून ते आणि तीन सुवर्णकंकणे पळवली. पुढे ५७ लाख युरोंची भरपाई मिळाली खरी, पण त्या पैशांत दुसरे तसे शिरस्त्राण कोणी घडवून देऊ शकत नाही. आणि देणाऱ्या देशात जबाबदारी कोणावर पडली? बुखारेस्टमधील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या संचालकांना पदावरून दूर करण्यात आले.

दुसरा धोका चोराचा नसून न्यायालयाचा असतो. क्रिमियातील चार संग्रहालयांनी २०१४ च्या आरंभी ॲम्स्टरडॅमला सिथियन (प्राचीन भटक्या जमातींचे) सोने व इतर वस्तू पाठवल्या, आणि प्रदर्शन चालू असतानाच रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला. परत कोणाला द्यायचे, या वादाचा निकाल नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये युक्रेनच्या बाजूने दिला. म्हणजे काही महिन्यांसाठी गेलेल्या वस्तूंना कीव्हला पोहोचायला जवळपास दहा वर्षे लागली. अशाच भीतीपोटी तैवानचे राष्ट्रीय राजवाडा संग्रहालय, जप्तीपासून संरक्षण देणारा कायदा नसलेल्या देशाला काहीच देत नाही. जपानने तो कायदा २०११ मध्ये केल्यावरच २०१४ मध्ये जेड या हिरवट मौल्यवान दगडात कोरलेली प्रसिद्ध कोबी टोकियोला गेली, आणि तीही दोन आठवड्यांपुरती. (त्यातही काही जाहिरातींत संग्रहालयाच्या नावातून ‘राष्ट्रीय’ हा शब्द गळला म्हणून मोठा तंटा झाला. उसने मागताना नावही नीट घ्यावे लागते.) बायोच्या बाबतीत हा धोका नगण्य आहे, ब्रिटनमध्ये २००७ पासून तसा कायदा आहे.

पिंपळपान:

सर्वांचे आभार. जुनी_वही यांची ‘माहेरची फेरी’ मनाला पटते, पण माहेरी जाणारीची प्रकृती प्रवास सोसेल का, हे माहेरच्यांनी ठरवायचे नसते. संवर्धकांनी स्पष्ट ‘नाही’ म्हटले आणि ते सत्ताधाऱ्यांना ऐकावे लागले, असे एखादे उदाहरण आहे का?

सुईदोरा:

आहे. व्हिएन्नातील, अ‍ॅझ्टेक राजा मोक्तेसुमाच्या नावाने ओळखला जाणारा पिसांचा मुकुट. मेक्सिकोची मागणी जुनी आहे, आणि तिच्यामागची भावना खरी आहे. २०१० ते २०१२ या काळात ऑस्ट्रिया आणि मेक्सिको या दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून त्याची तपासणी केली, आणि प्रवासातील कंपन पिसांना सोसणार नाही, असा निष्कर्ष निघाला. २०२० मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा विनंती केली, तरीही मुकुट व्हिएन्नातच राहिला. माझ्या मते यातील महत्त्वाची गोष्ट नकार नव्हे, तर तपासणी करणाऱ्यांत मागणाऱ्या देशाचेही लोक होते, ही आहे. तसे नसते तर तो नकार कोणी मानला असता?

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नावर माझे मत असे: पाठवावे की नाही हे राष्ट्राध्यक्षांनी खुशाल सुचवावे, पण वाहतुकीचा अभ्यास दोन्ही बाजूंच्या संवर्धकांनी करावा, तो जाहीर व्हावा आणि त्यांच्या नकाराला डावलता येऊ नये. बायोच्या प्रकरणात घोषणा आधी झाली आणि अभ्यासाची जाहीर चर्चा नंतर सुरू झाली. माझा आक्षेप या क्रमाला आहे, लंडनला नाही. एक बरे आहे की २०२१ ची मोजणी हाती आहे. कापड परतल्यावर त्याच पद्धतीने पुन्हा मोजले, तर ३० चिरांच्या किती झाल्या, हे कोणालाही विचारता येईल.